टाचेच्या हाडाचं नाव

आज अंधेरीतल्या एका दवाखान्यात टाच दाखवायला गेले होते. आतून आवाज आला, "ती कॅल्केनियस पाठवा."

म्हणजे मी. टाचेच्या हाडाचं हे नाव मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास वेसाव्याच्या कोळीवाड्यात बोंबील वाळत घालताना आई बांबूंच्या उंच मांडवावरून टाचेवर पडली. हाड मोडलं. हॉस्पिटलच्या वॉर्डात मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि म्हणाले, "हाडाचं नाव सांगा." एकेकानं नाव सांगत तिची सुजलेली टाच दाबली. आई पदर दातांत धरून पडली होती. शेवटी म्हणाली, "माजा पन नाव इचारा. हिराबाय."

सगळे हसले. घरी येईपर्यंत ती त्या वॉर्डात कॅल्केनियसच राहिली. ते हसू आठवलं की अजून किळस येते.

आज मी जागची हलले नाही. काउंटरवरची मुलगी वैतागली, "मावशी, टाचवाल्या तुम्हीच ना? जा ना आत."

"नावानं बोलवा, मग जाते."

तिनं डोळे फिरवले आणि पुढच्या पेशंटला आत सोडलं. मी फाइल उचलून घरी आले. टाच ठणकतेय, पण त्या दारात पुन्हा जाणार नाही.

तुम्ही काय केलं असतं?