मागची काच, एका तुकड्यात

सिरसाळ्याच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा आईनं माझी पिशवी स्वतः उचलून आत ठेवली, पदरानं सीटवरची धूळ झटकली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभी राहिली. माझे वडील, आण्णा, मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं गेलते, म्हणून निरोपाला ती एकटीच. नवरा भोसरीच्या कारखान्यात कामाला लागला होता, त्यानं खोली बघून ठेवली होती. मी रडायला लागले तशी आई खेकसली, "कावून रडतीस? पुणं काय लई लांब न्हाई." पुणं किती लांब ते तिला ठाऊकच नव्हतं. जिल्ह्यातल्या कपिलधारच्या यात्रेपलीकडं ती कधी गेली नव्हती. गाडी हलली तशी ती बाजूनं चालत ओरडली, "आन् काय काम करतीस म्हून कुणी इचारलं, तर खाली मान घालून सांगू नको!"

गावातच राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्यासारख्या भोसरी-चाकणला येऊन पडलेल्यांनाही हे सांगतेय. कारण गावात अजून म्हणतात, "ती पुण्यात गाड्या पुसती." पुसत होते, खोटं कशाला बोलू? आता काय करते ते ऐका.

गाड्या धुण्याचं काम मला मिळालं ते माझ्या बोलीमुळं. सुरुवातीला माझं 'हाय-न्हाई' ऐकून शेजारणी तोंडाला पदर लावायच्या, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. काम मागायला गेले त्या दुकानात गाड्यांच्या काचांना ऊन अडवणारी पातळ फिल्म लावायचे. मालक हनीफचाचा म्हणाले, "बाई, इथं दिवसभर पाण्यात हात राहतील." माझ्या तोंडून निघून गेलं, "कावून, पाणी काय चावतंय का?" चाचा हसले. "कुठली गं तू?"

"सिरसाळ्याची."

"मी युसूफ वडगावचा, आपल्याच बीड जिल्ह्यातला. ये उद्यापासून."

गाड्या धुता धुता माझं सगळं लक्ष चाचांच्या हाताकडं असायचं. पुढच्या दाराच्या काचा सोप्या, जवळपास सपाट. खरा कस मागच्या काचेवर. ती आडवीही वळलेली आणि उभीही. फिल्म मात्र कागदासारखी सपाट. भोपळ्यावर कागद चिकटवून बघा, म्हणजे कळेल. कडेला चुण्या पडणारच. चाचा त्या चुण्या हीट गनच्या गरम हवेनं आकसून घ्यायचे, इतक्या की फिल्मच काचेचा आकार घ्यायची. मी मागं लागले तसं त्यांनी भंगारातली एक काच दुकानामागं मांडून दिली. "जेवणाच्या सुट्टीत बस हिच्यापुढं." मी बसले. महिनोन्‌महिने बसले. फिल्म जाळली, फाडली, बोटं भाजून घेतली. फिल्म लावणारा दुसरा कारागीर संतोष शेजारच्या गॅरेजवाल्याला म्हणायचा, "बाईच्या हातचं काम न्हाई हे, बे." मी ऐकायची आणि पुन्हा साबणाचं पाणी मारायची.

मग चाचा स्कूटरवरून पडले आणि उजव्या मनगटाला प्लास्टर आलं. संतोष मागची काच दोन पट्ट्या जोडून करायचा, त्यामुळं गिऱ्हाइकं परत जायला लागली. दुकानाचं नाव झालं होतं तेच मुळी मागच्या काचेच्या कामामुळं.

अशात वैशालीताई नावाच्या एक गिऱ्हाईक आल्या. सोबत त्यांची कॉलेजच्या वयाची मुलगी, भर उन्हाळ्यात हातमोजे घातलेली, तोंड पूर्ण गुंडाळलेली. तिच्या कातडीला ऊन सोसत नव्हतं, लगेच फोड उठायचे. गाडीची मागची काच लांबलचक उतरती, ऊन थेट मागच्या सीटवर. "नियमात बसणारी, उजेड येऊ देणारी पण ऊन अडवणारी फिल्म हवीय," ताई म्हणाल्या. "आणि जोड नको. आधीच्या गाडीत जोडच उकलला आणि हिची मान भाजली. तिनं कॉलेजच सोडलं होतं, आत्ता कुठं तयार झालीय."

चाचांनी संतोषकडं बघितलं. त्यानं नकाराची मान हलवली. मी हात पुसले आणि म्हणाले, "मी लावते."

चाचांनी डाव्या हातानं फिल्मचा रोल माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "लाव."

पहिला तुकडा मी जाळला. हीट गन एका जागी जरा जास्त थांबली आणि फिल्म दुधासारखी पांढरी झाली. रोलवर तेवढ्या मापाचा आणखी एकच तुकडा होता. चाचा स्टुलावरून एवढंच म्हणाले, "घाई करू नको पोरी. काच कुठं पळून जात न्हाई."

मी पाणी प्यायले आणि पुन्हा उभी राहिले. काचेच्या बाहेरून फिल्म पसरली, मधोमध घट्ट बसवली, सगळा फुगवटा वर आणि खाली ढकलला. हीट गन हलती ठेवली. एक चुणी आकसायची, कडक पट्टीनं दाबायची, मगच दुसरी. फिल्मला आकार बाहेरून द्यायचा, पण चिकटवायची आतून. कडा कापून झाल्यावर मी मागच्या सीटवर उताणी सरकले. बाहेर फिल्मचा पाठकागद सोलून संतोषनं ती माझ्या हातात दिली, अगदी हळू, पाळण्यातलं लेकरू द्यावं तशी. काचेच्या आतल्या बाजूला धुकं घालवणाऱ्या बारीक तारा असतात, त्यांच्यात पाणी अडकतं. मधून कडेला, मधून कडेला, मी ते शेवटच्या थेंबापर्यंत ओढून काढलं.

बाहेर आले तेव्हा चाचा काचेला डोळा लावून तिरपे बघत होते. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. चुणी नाही, बुडबुडा नाही, जोड नाही. ते वळून वैशालीताईंना म्हणाले, "नुसती आमच्या दुकानाची नाही, बीड जिल्ह्याची फिनिशिंग आहे ही!" आणि डाव्या हातानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढं झुकले.

मुलगी मागच्या सीटवर बसली. काचेतून ऊन तिच्या अंगावर पडलं होतं, पण त्याची धग गेली होती. तिनं आधी एक हातमोजा काढला, थोडं थांबली, मग तोंडावरचं फडकं सोडलं आणि मागं वळून रस्ता बघत राहिली. वैशालीताईंनी माझा ओला हात धरला.

ते गेल्यावर संतोष जवळ आला. "मला शिकवशील?"

"उद्यापासून. जेवणाच्या सुट्टीत," मी म्हणाले.

आज चाचांचं दुसरं दुकान माझ्या हाती आहे. रंग जपणारी पीपीएफ, चकाकीचं सिरॅमिक, अपॉइंटमेंट असले शब्द माझ्या तोंडी आता सहज येतात, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना 'न्हाई' आलं तरी मी ते गिळत नाही. वैशालीताईंची मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागली. तिची नवी गाडी तिनं शोरूममधून थेट माझ्याकडं आणली.

मागच्या महिन्यात आई पहिल्यांदा राहायला आली. आमच्याकडं आईबाप लेकीच्या दारी पाणीसुद्धा घेत नसत, आणि त्या घराला जावयाचंच घर म्हणायची रीत. तिला आणायला मी गाडी चालवत स्टँडवर गेले. सोसायटीच्या गेटवर नवा वॉचमन होता. त्यानं विचारलं, "आजी, कुणाकडं?" मी सांगणार, तेवढ्यात तीच खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "लेकीच्या घरी."

घर म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं सिरसाळ्याकडं तोंड करून शोधत होते. त्या दिवशी आई आत आली, चप्पल काढली, माठातून स्वतःच तांब्याभर पाणी घेऊन प्याली, पदर खोचला आणि ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "मीठ कुठं ठेवतीस गं?"