पुन्हा बाहेर बसली ती

पनवेलला लेडी डॉक्टरच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा मिठागरावरची एक बाई यायची. केसपेपरवर तिचं नाव मीच लिहिलं असणार, पण आता आठवत नाही. आठवतात ते मिठानं चिरलेले, सतत पदरानं वारा घेणारे हात. वय चौतीस आणि पाळी दोन वर्षं बंद. अंगातून वाफा निघायच्या, झोप नव्हती. सासू म्हणायची, "सुकली."

डॉक्टरबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. एकवीस दिवस रोज एक, मग आठवडाभर बंद. त्या आठवड्यात पाळीसारखं अंगावरून जाईल, हेही सांगितलं. मी कागदावर रेघा मारून द्यायला लागले, तर ती म्हणाली, "कागद नको, बाय. पुनवेच्या उधानाला चालू, अवस होऊन सात दिसांनी बंद." मिठागरात पाणी घ्यायचं ते भरतीच्याच हिशोबानं. पहिला महिना मळमळीत गेला, तरी एक गोळी चुकली नाही.

तिसऱ्या महिन्यात ती दारातूनच हसत आली. पदर खांद्यावर स्वस्थ होता.

"चार दिस बाहेर बसले, पडवीत पाय लांब करून. भाकऱ्या सासूनं थापल्या, मला आनून वाढल्या."

बाहेर बसायच्या चालीवर माझा जन्माचा राग. त्या दिवशी मात्र मी पुढच्या महिन्याच्या गोळ्या मोजून तिच्या हातात ठेवल्या.

गोळ्या कनवटीला लावून ती उठली. "पुढल्या म्हयन्यात परत बसनार," ती म्हणाली. "सासूला आताच सांगून ठेवलंय, पीठ दळून ठेव."