परबकाकींच्या कोपराची सुट्टी

मुलुंड पूर्वेला गंधाली राणे यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. तिथे संध्याकाळी येणारं गिऱ्हाईक आधी विचारतं, "परबकाकींच्या आहेत ना?" नसल्या तर तोंड पाडून दुसऱ्या नेतं. रत्नप्रभा परब तिथे नऊ वर्षं लाटत होत्या, दिवसाला अडीचशे ते तीनशे. पातळ, एकसारख्या, सकाळच्या संध्याकाळीही मऊ. आपला हात चांगला आहे हे काकींना पक्कं ठाऊक होतं, आणि उगाच नम्रपणाचं नाटक त्या करत नसत.

दिवाळीच्या ऑर्डरी संपल्या आणि उजवं कोपर ठणकायला लागलं. बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकाशी. पहिले पंधरा दिवस दुर्लक्ष. मग तेल. मग शेजारणीने सांगितलेला भांडुपचा हाडवैद्य. त्या बाबाने असं काही रगडलं की काकींच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातातून सुटून थेट लादीवर! तेव्हा कुठे स्वारी श्वेता नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे गेली. आपल्याकडे डॉक्टरचा नंबर शेवटीच लागतो, त्याला काय करणार.

श्वेताने काकींना मनगट वर उचलायला लावलं आणि वरून जरासं दाबलं. काकी किंचाळल्या.

"टेनिस एल्बो," ती म्हणाली.

"अगो बाय माझे! मी साधा कॅरम खेळले नाही कधी."

"लाटणं तर फिरवता ना, काकी? मनगट उचलणारे स्नायू इथे कोपराच्या हाडाला जोडलेले असतात. तीच ओढ दिवसातून हजारदा बसते. ती जागा भरून यायच्या आधीच पुन्हा दुखावते."

तिने कोपराखाली बांधायला पट्टा दिला, रगडणं बंद करायला सांगितलं आणि एक व्यायाम शिकवला. हात टेबलावर ठेवायचा, पंजा कडेबाहेर, पाण्याची अर्धी बाटली धरायची आणि मनगट सावकाश खाली सोडायचं. शिवाय लाटणं बंद, सहा आठवडे केंद्रावरून सुट्टी.

गंधालीने साफ सांगितलं, "काकी, सहा आठवडे मी कसंबसं निभावते. पुढे नाही जमलं तर मला मशीन आणावं लागेल." तिचंही खोटं नव्हतं. पण काकी घरी येऊन रडल्या. आपली जागा मशीनने घ्यावी, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

चार आठवड्यांनी श्वेताने हाताची पकड मोजली. आधीपेक्षा कमी!

"काकी, खरं सांगा. केंद्रावर जाऊन आलात ना?"

"देवाशप्पथ नाही! विचार ह्यांना."

हे म्हणजे चंद्रप्रकाश परब, मरोळच्या कारखान्यातून रिटायर झालेले. ते शेजारीच बसले होते. "नाय गेली. घराकच होती," त्यांनी साक्ष दिली.

"बरं. मग काल सकाळपासून काय काय केलंत, ते सांगा."

काकींनी भोळेपणाने सांगायला सुरुवात केली. सकाळी मुलाचा, सौरभचा डबा. मग कपडे, कारण त्याची कॉलर मशीनमध्ये निघत नाही. घरी आहेच तर दोन गोधड्या भिजवल्या आणि पिळून वाळत घातल्या. नंदकिशोर भावजी जेवायला यायचे होते, म्हणून दोन नारळ खोवले, वाटण केलं, वडे थापले. संध्याकाळी शेजारणीची दहा किलो कणकेची पिशवी वर आणून दिली.

"आणि चपात्या?"

"त्या काय, तिघांच्या दोन वेळच्या. वीसेक. पण हे काही काम नाही गं, हे आपलं घरचं."

आता बोला! नवरा खोटं बोलत नव्हता आणि बायकोही नाही. त्या घरात सुट्टीचा अर्थ एवढाच झाला होता की बाई आता दिवसभर हाताशी आहे.

श्वेताने पेन खाली ठेवलं. "काकी, गोधडी पिळताना आणि नारळ खोवताना तोच स्नायू ओढला जातो. चार आठवडे तुम्ही कोपराला सुट्टी दिलीच नाहीत." मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "हात अगदी बांधून ठेवला तरी तो बरा होत नाही. भार थोडा थोडा वाढवायचा. पिळणं, खोवणं, ओझी उचलणं आजपासून बंद. लाटायचं तर कणीक सैल मळलेली हवी, तीही दुसऱ्या कुणीतरी. आणि दिवसाला फक्त वीस. दुखलं नाही तर दर आठवड्याला वाढवू. तीनेक महिन्यांत बराच फरक पडेल."

चंद्रप्रकाशांचा जीव भांड्यात पडला. "वीस म्हणजे बरोबर आपल्या घरच्यो. झाला तर मग!"

काकींनी त्यांच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत या माणसाने चपाती करपली तर सांगितलं होतं, चांगली झाली तर कधी नाही. राग आला त्यांना, खूप आला. आजवर का आला नाही, याचा तर जास्तच आला. त्यांनी तिथेच पर्समधून फोन काढला आणि गंधालीला लावला.

"गंधाली, सोमवारपासून येते. पण सध्या वीसच लाटीन. कणीक तू मळून ठेवायची. चालेल?"

"या हो काकी, वीस तर वीस! मशीनचं मी थांबवते."

फोन पर्समध्ये गेला. चंद्रप्रकाशांनी विचारलं, "आणि आमका?"

"केंद्रावर मिळतात," काकी पट्टा आवळत म्हणाल्या. "सातनंतर गर्दी होते, लवकर जा."