डोळ्यांची आखणी

प्रत्येक बादशाहीचा शेवट ठरलेला असतो, आणि त्याची सुरुवात कुठल्यातरी दुर्लक्षित डोंगराळ मुलखात होते. हे वाक्य मी माणगावच्या शाळेत सातवीच्या वर्गाला वर्षानुवर्षं सांगत आलो. मी निवृत्त झाल्यावर भावोजींनी तेच वाक्य मला ऐकवलं. तेव्हा त्यांच्या चिमटीत करंगळीच्या दोन पेरांएवढा मावळा होता आणि त्याची ढाल काही केल्या चिकटत नव्हती.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेणजवळ खाडीच्या बाजूला त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. पत्र्याच्या शेडमध्ये चार माणसं मूर्ती करत बसली की तिकडे त्याला कारखाना म्हणतात. आणि बादशाही म्हणजे विलायतेतली एक कंपनी. ती लढाईच्या खेळातले छोटे सैनिक बनवते. खेळ सोपा आहे. दोन मोठी माणसं एका टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहतात, आपापली फौज मांडतात, टेपने अंतर मोजतात, फासे टाकतात आणि कोण मेलं ते ठरवतात. वाद झाला तर नियमांचं पुस्तक काढतात. वाद होतोच. सैनिक कंपनीचे, रंग कंपनीचे, गोंद कंपनीचा आणि पुस्तकही कंपनीचंच.

गणपती न्यायला आलेल्या पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने भावोजींना असा एक सैनिक दाखवला होता. किंमत ऐकून भावोजींनी विचारलं, "चांदीचा आहे?" तो प्लास्टिकचा निघाला. त्या दिवसापासून भावोजी स्वराज्याची भाषा बोलू लागले. साचे करण्याचं रबर कारखान्यात होतंच. त्यांनी रेझिन आणलं आणि मावळे ओतायला घेतले. नियमांचं पुस्तक लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी अकरा पानं लिहिली. भावोजींनी आधी दोन पानांची प्रस्तावना जोडली. तिच्यात 'अस्मिता' हा शब्द नऊ वेळा होता आणि 'फासे' एकदाही नव्हता.

खरं कारण स्वराज्य नव्हतं. ते मला ताईने सांगितलं.

कारखान्यात एक मावशी आहेत. मूर्तीचे डोळे रंगवायच्या कामाला आखणी म्हणतात. ते सगळ्यात शेवटी होतं आणि वाटेल त्याला करू देत नाहीत. मावशी तीस वर्षं आखणी करत होत्या. मागच्या साली उंच मूर्तीचे डोळे करताना त्या स्टुलावरून पडल्या. खांदा जुळला, पण उजवा हात कानाच्या वर जाईना. मूर्तीपुढे उभं राहून हात उचलल्याशिवाय आखणी होत नाही. त्या हंगामात मावशी भिंतीला टेकून शाडू चाळत बसल्या.

"नुसता बसवून पगार दिला तर घेणार नाही ती," ताई म्हणाली. "मावळा टेबलावर कोपर टेकून रंगवता येतो. म्हणून हे सगळं. तू त्यांना सांगू नकोस मी बोलले ते."

मी सांगितलं नाही. भावोजी अस्मितेवर बोलत राहिले आणि मावशी कोपर टेकून दिवसाला दहा मावळ्यांना डोळे देत राहिल्या.

मावळे कोणी विकत घेत नव्हतं, एवढीच अडचण होती. भावोजींनी जाहीर केलं की पुण्यातल्या त्या खेळाच्या दुकानाने दिवाळीपर्यंत माल ठेवून घेतला तर ठीक, नाहीतर साचे बंद. मावशींनी ते ऐकलं आणि ब्रश धुता धुता म्हणाल्या, "मंग मी लेकीकडं उरनला जाईन. नातवंडं सांभालीन." तुरुंगात जाणारा माणूस ज्या आवाजात तुरुंगाचं नाव घेतो, त्या आवाजात त्या बोलल्या.

नमुने कुरियरने गेले. आठवड्याने दुकानदाराचा फोन आला. भावोजींनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला, कारण कौतुकच होणार होतं.

"काका, काम एक नंबर आहे. पण हे चिडलेले का नाहीत?"

"कोण?"

"तुमचे मावळे. तलवार उगारलीय आणि चेहऱ्यावर भाव असा की, बाळा, जेवलास का?"

भावोजींनी भिंग आणलं. मग ते मी घेतलं, मग ताईने. कारखान्यातले साठच्या साठ मावळे आमच्याकडे अर्धोन्मीलित नेत्रांनी, अपार मायेने बघत होते. एकजण भाला फेकत होता आणि त्याच वेळी आमचं कल्याण चिंतत होता. मावशींनी तीस वर्षं गणपतीचे डोळे केले होते, आणि रागावलेला गणपती कोणी घरी नेत नाही.

"मावशी, जरा रागाचे करा की," भावोजी म्हणाले. "लढाई आहे ही."

"मना रागाचे डोले येत न्हाय."

"प्रयत्न तरी करा."

"केलता. देवीपुढचा म्हैषासुर व्हता. गिराईक त्याला परत घेऊन आला. बोलला, ह्याला मारताना देवीच वाईट दिसते."

भावोजींनी स्वतः ब्रश घेतला. त्यांचे दोन मावळे झाले. ताईने ते उजेडात धरले. "अहो, हा गनिमाला बघून पळतोय. आणि ह्याला तर काविळीचं औषध द्या." मावशी दुसरीकडे बघत होत्या. पण त्यांचे खांदे हलत होते, दुखरासुद्धा.

शेवटी आम्ही मायाळू फौज घेऊनच पुण्याला गेलो. दुकानाच्या तीन भिंती बादशाहीने भरलेल्या होत्या. चौथ्या भिंतीत दार होतं आणि दाराशेजारी एक रिकामी फळी होती. त्या फळीसाठी आमच्यासारख्या आणखी दोन छोट्या कंपन्या आल्या होत्या. नाशिकचा एकजण घोडे बनवत होता, बंगळूरचा एकजण हत्ती. चहा पिताना सगळ्यांनी बादशाहीविरुद्ध एकजुटीची भाषा केली. चहा संपल्यावर नाशिककराने दुकानदाराला बाजूला घेऊन सांगितलं की खाडीकाठचं रेझिन दमट असतं, उन्हाळ्यात वाकतं. इतिहास शिकवत असताना हा भाग मी परीक्षेला हमखास विचारत असे.

दुकानदाराने प्रत्येकाला एक खेळ खेळून दाखवायला सांगितला. आमच्यासमोर एक कॉम्प्युटर इंजिनियर होता. त्याची बादशाही फौज फोम लावलेल्या तीन पेट्यांतून आली होती. भावोजींनी टेबलावर नारळ ठेवून नमस्कार केला. इंजिनियरने प्रामाणिकपणे विचारलं, "काका, ही टेकडी धरायची का?"

गनिमी काव्याचा नियम मी पुस्तकात ठळक लिहिला होता. हल्ला करा आणि लगेच मागे फिरा. तसं खेळलं तर मावळे जिंकू शकतात, हे मी घरी चार वेळा करून पाहिलं होतं. भावोजी अभिमानापोटी एकदाही मागे फिरायला तयार झाले नाहीत.

"भावोजी, फिरा."

"मास्तर, आपण पळणाऱ्यांतले नाही."

"नियमात आहे."

"मग नियम चुकलाय."

चहाचा दुसरा कप येईपर्यंत सगळी फौज कापली गेली. फळी नाशिकच्या घोड्यांना मिळाली. भावोजी एकेक मेलेला मावळा उचलून खोक्यात ठेवू लागले. मावशींना काय सांगायचं याचा विचार आम्ही दोघेही करत होतो, आणि दोघेही रेझिनविषयी बोलत होतो.

इंजिनियर अजून टेबलापाशीच होता. त्याने एक आडवा पडलेला मावळा उचलून डोळ्यांजवळ धरला.

"मी मारलं ह्याला. तरी माझ्याकडे मायेनं बघतोय," तो म्हणाला. "डोळे कोणी केले?"

"आमच्या मावशींनी."

तो जरा घुटमळला. मग त्याने स्वतःचा सेनापती पुढे केला. चिलखत सुरेख रंगवलं होतं, त्याला म्हणे तीन महिने लागले होते. पण एक डोळा आमच्याकडे होता आणि दुसरा पंख्याकडे.

"सगळ्यांना डोळेच जमत नाहीत हो," तो हळू आवाजात म्हणाला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी आपापले सैनिक पालथे ठेवले. "त्या करून देतील का?"

भावोजी ताठ झाले. ते आता 'स्वराज्य' म्हणणार, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. मी त्यांच्या हातातलं खोकं काढून घेतलं आणि सेनापती त्यात ठेवला.

मावशींनी त्या सेनापतीला दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी नेलं, उलटसुलट करून बघितलं. "कुनाचा मानूस हाय ह्यो?"

"गनिमाचा," भावोजी म्हणाले.

"असूंदे. डोले बिचाऱ्याचे कुनी बिघडवले?" असं म्हणून त्यांनी कोपर टेबलाला टेकवलं.

उरणची लेक हल्ली नातवंडांना घेऊन स्वतःच पेणला येते. मावशींना जायला वेळ होत नाही. मोहिमेचं विचाराल तर कारखान्याच्या फळीवर सध्या बादशाहीचे बहात्तर सैनिक डोळे वाळत ठेवून उभे आहेत, सगळे अत्यंत प्रेमळ. जागा पुरत नसल्यामुळे मावळे माळ्यावर टाकले आहेत.