थिनर खाणारी बुरशी

माझे मामा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारतात. तिथे मागच्या भिंतीला कॉलेजच्या मुलांनी एक पेटी बसवली आहे. तिच्यात ओला भुसा, आणि भुशावर काळपट बुरशी. पॉलिशच्या खोलीतली थिनरची वाफ पंख्याने आत जाते आणि बुरशी ती खाऊन वाढते. ती वाळवून तिच्यातलं प्रथिन कोंबड्यांच्या खाद्यात चालेल का, हे मुलं तपासताहेत.

मामांनी मला पेटीच्या दुसऱ्या टोकाशी नेलं. "हुंग बरं. थिनर येतंय?"

"नाही. ओल्या भुशाचा वास येतोय."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"मग तुम्हीच बघा की."

"माझं नाक कधीच रिटायर झालं, पोरी. दूध करपलं तरी तुझी मामीच ओरडते."

ते हसले. मला हसता येईना. बुरशी सुकू नये म्हणून मुलं रोज पाणी शिंपडतात, तिची काळजी घेतात. मामा इतकी वर्षं तीच हवा ओढत होते, तेव्हा त्या खोलीला कुणी एक खिडकीसुद्धा पाडली नाही. ही पेटीही आली ती शेजारच्या नव्या सोसायटीने तक्रार केल्यावर. थिनर वाईट आहे हे तेव्हा ठरलं, जेव्हा ते बाहेरच्या नाकांना झोंबलं.

"भुसा कसला आहे गं?" मामांनी विचारलं. "सागाचा की आंब्याचा?"

मी पुन्हा हुंगलं. मला ओळखता येत नव्हतं, आणि ज्यांना एका श्वासात ओळखता आलं असतं, ते माझ्या उत्तराची वाट बघत उभे होते.