उन्हाकडची भिंत

ऑइलपेंटच्या डब्याचं झाकण उघडलं की त्या वासासरशी मला धरणगावजवळच्या खेड्यातली एक भिंत दिसते. पंच्याऐंशीच्या सुमारास, धुळ्याला चित्रकला शिकत असताना, गोबरगॅसच्या योजनेची जाहिरात रंगवायला मी तिथे गेलो होतो. रस्त्यावरून दिसणारी, दिवसभर ऊन असलेली भिंत मीच निवडली. सरपंच हो म्हणाले होते. ज्यांचं घर, त्या अक्कांना विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. दोन दिवस खपून निळी ज्योत काढली, शेजारी हसणारी बाई. चेहरा अक्कांचाच घेतला, फक्त धुराने लाल झालेले डोळे पांढरेशुभ्र केले. फोटो काढला आणि परतलो. आठवड्याने पुढच्या गावाला जाताना मुद्दाम उतरलो, तर ज्योतीवर, चेहऱ्यावर, ओळीने ओल्या गवऱ्या थापलेल्या! माझं डोकंच फिरलं. "अक्का, चित्राची पार वाट लावलीत!" शेणाने भरलेले हात तसेच धरून त्या अहिराणीत म्हणाल्या, "गॅस सरपंचना घर शे, भाऊ. आमना घर चूलच शे. ऊन ह्याच भितले लागस, मंग गवऱ्या कोठे थापू?" मागे दारातून धूर येत होता. मी एसटी पकडली. पुढे त्याच फोटोवर मला नोकरी लागली. आज कॉम्प्युटरवर विद्यार्थ्यांना 'लोकांपर्यंत पोचणारं चित्र' शिकवताना मी पहिला तोच फोटो दाखवतो. गवऱ्या थापायच्या आधीचा.