ब्रेकबाईंची नडगी

बाई पहिल्यांदा माझ्याकडे व्यायामासाठी आल्या, तेव्हा कुबड्या भिंतीला टेकवायच्या आधीच त्यांनी कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे बोट दाखवलं.

"हा खऱ्या माणसाचा आहे का?"

"नाही, प्लास्टिकचा."

"अरेरे," त्या म्हणाल्या. जणू कुणाच्या निधनाची बातमी ऐकली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हाड मोडलेली माणसं मोडल्यावर डॉक्टरांकडे जातात आणि जुळायला लागल्यावर माझ्याकडे येतात. बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात: दुखणं कधी थांबेल, जिना कधी चढता येईल. या बाई निराळ्या होत्या. उजव्या पायाची नडगी मधोमध मोडली होती. ऑपरेशन करून हाडाच्या पोकळीतून धातूचा दांडा घातला होता आणि तो हलू नये म्हणून गुडघ्याखाली आणि घोट्यावर स्क्रू बसवले होते. दांडा कुठल्या धातूचा, त्याला गंज चढेल का, थंडीत तो गार पडेल का, हे सगळं त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं होतं. डॉक्टरांनीही हौसेनं उत्तरं दिली होती.

"पण एक राहिलं," त्या मला म्हणाल्या. "दोन तुकड्यांना कळतं कसं, कुठं जुळायचं ते?"

"कळत नाही. हाड मोडलेल्या जागेभोवती भरमसाट नवं हाड टाकत सुटतं. मग जास्तीचं हळूहळू झिजवून टाकतं."

"म्हणजे आधी गिलावा थापायचा आणि मग घासून काढायचा!" त्यांनी एक्स-रे खिडकीशी धरला. मोडलेल्या जागेभोवती पुसट ढगासारखं काहीतरी दिसत होतं. त्या बराच वेळ ते न्याहाळत राहिल्या. "काम चालू आहे म्हणायचं."

सोबत आलेल्या त्यांच्या नणंदबाईंनी मान फिरवली. "वहिनी, स्वतःचं हाड काय असं बघायचं? मला तर गरगरतं."

"मग तुम्ही बघू नका, वन्सं. माझं आहे, मी बघते."

या दोघी एकत्र राहायच्या. बाईंचे यजमान गेल्यावर नणंद चार दिवसांसाठी म्हणून सोबतीला आली होती आणि राहूनच गेली. बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायच्या. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्याही पायाशी एक ब्रेक असतो. बाई कधी ओरडायच्या नाहीत, स्टिअरिंगला हात लावायच्या नाहीत, फक्त उजव्या पायानं तो ब्रेक अलगद दाबायच्या. शिकणारा चकित व्हायचा, गाडी आपोआप कशी थांबली म्हणून. त्यावरून त्यांचं नाव पडलं ब्रेकबाई. आणि नेमका तोच पाय मोडला होता.

तोही गाडीत नाही. सकाळी त्या पायी कामावर निघाल्या होत्या. वाटेत हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका कंपनीचं फाटक लागतं. फाटकातून एक व्हॅन उलटी बाहेर येत होती, फूटपाथ ओलांडून रस्त्यावर. बाई तिच्या मागून गेल्या आणि व्हॅनने त्यांना फाटकाच्या खांबाशी दाबलं. ड्रायव्हरचा जबाब एका वाक्याचा होता: बाई मला दिसल्याच नाहीत. व्हॅनच्या विमा कंपनीचं म्हणणं त्याहून छोटं होतं: चूक बाईंची.

नणंदबाई खवळल्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वकील गाठली. ती निघाली बाईंचीच जुनी शिष्या.

"हुशार आहे पोरगी," बाई मला पाय ताणता ताणता म्हणाल्या. "पण गाडी मागे घेणं तिला शेवटपर्यंत जमलं नाही. आता माझी केस म्हणजे मागे येणाऱ्या गाडीचीच. बघू."

व्यायाम सुरू झाले. घोटा वर, घोटा खाली. मग वजनाच्या काट्यावर पाय टेकवून थोडा थोडा भार. बाई सोसणाऱ्या होत्या, पण ड्रायव्हरच्या जबाबाचा विषय निघाला की अडायच्या. एके दिवशी मी विचारलंच.

"तो म्हणतो मी दिसले नाही," त्या म्हणाल्या. "पण मी त्याचे डोळे पाहिलेत. आरशात. मला त्याचे डोळे दिसले म्हणजे त्याला माझे दिसलेच असणार, आरशाचा नियमच आहे तो. मी रोज हेच शिकवते. मग माणूस बघून न बघितल्यासारखं कसं करेल? पाय दुखतो त्याचं एक वेळ सोसेन गं. पण हे डोक्यातून जात नाही."

"खोटं बोलत असेल," मी म्हणाले.

"असेल. पण मला बघायचंय."

"काय?"

"त्याच्या जागी बसून बघायचंय."

वकीलबाईंनी डोक्याला हात लावला, असं नणंदबाईंकडून कळलं. पण पुढे विचार केल्यावर ती कल्पना त्यांना पटली. व्हॅनची पाहणी मागायचा हक्क होताच. त्यांनी रीतसर पत्र धाडलं, कंपनीनं आढेवेढे घेतले, शेवटी दिवस ठरला. बाईंना उंच सीटवर चढवायला जाणतं माणूस हवं म्हणून वकीलबाईंनी मलाही सोबत नेलं.

फाटकाच्या आत ओल्या साबणाचा वास भरला होता. व्हॅन त्या दिवशी होती तिथेच उभी केली होती. शेजारी कंपनीचा मॅनेजर आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर चाळिशीचा असेल, किडकिडीत. बाईंच्या कुबड्यांकडे बघायचं टाळत होता. मी बाईंना चढवायला गेले तर तो न सांगता पुढे आला आणि त्यानं दुसऱ्या बाजूनं आधार दिला.

सीटवर बसताच बाईंचा चेहरा पालटला. कितीतरी दिवसांनी त्या गाडीत बसल्या होत्या. सीट पुढे घेतली, खिडकीबाहेरचा आरसा बोटानं चाचपला. मागे वळून पाहिलं तर मागच्या काचेवर प्लायवूड ठोकलेलं, त्यावर चादरींची फडताळं.

"तू मी आले तशी फूटपाथवरून ये," त्या मला म्हणाल्या. "सावकाश."

मी गेले. फाटकाच्या अलीकडे असताना आरशात मला बाईंचे डोळे दिसले, चक्क माझ्यावर रोखलेले. त्या बोट वर करून हसल्या. मी आणखी पुढे झाले, व्हॅनच्या मागे शिरले.

"गेलीस!" आतून आवाज आला. "परत ये! हां, आता दिसलीस. आता पुन्हा जा!"

मला त्यांनी किती वेळा चालवलं कोण जाणे. मॅनेजर कंटाळून फोन घ्यायला आत निघून गेला. वकीलबाई म्हणाल्या, "बाई, पुरे की." पण बाई ऐकेनात. मग त्यांनी मान बाहेर काढून ड्रायव्हरलाच विचारलं.

"हा आरसा मूळचा नाही ना?"

"नाही. मूळचा मोठा होता, तो फुटला," ड्रायव्हर म्हणाला. "मी मागत होतो. त्यांनी हा बसवला."

"यात ही दिसते, आणि दोन पावलांत नाहीशी होते. मी पण तशीच झाले असणार. पण आधी दिसले होते ना हो मी तुम्हाला?"

ड्रायव्हरनं ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. मग खाली.

"दिसलात," तो म्हणाला. "एकदा दिसलात. तुम्ही पण माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, थांबल्या असतील. मग आरशात कुणीच नव्हतं, तर वाटलं मागे फिरल्या. ऑफिसात म्हणाले, दिसल्या नाहीत एवढंच सांग."

वकीलबाईंचे डोळे चमकले होते. त्या पुढे सरसावल्या, "हे तुम्ही तडजोडीच्या बैठकीत—"

"त्याला आत्ता काही विचारू नकोस," बाई म्हणाल्या. मग ड्रायव्हरकडे वळून, "मला वाटलं, ह्यांनी बघितलंय म्हणजे हे थांबतील. तुम्हाला वाटलं, मी थांबेन. दोघांनी एकमेकांवर भरवसा टाकला." आणि त्या हसल्या. मला ते हसू तेव्हा कळलं नाही. घरी येताना लक्षात आलं, इतके दिवस त्यांच्या डोक्यात घोळत होतं ते संपलं होतं.

पुढे तडजोडीची बैठक झाली. मी नव्हते, पण नणंदबाईंनी मला साग्रसंगीत सांगितलं. मधे बसलेल्या अधिकाऱ्यांनी बाईंना विचारलं, काय घडलं ते सांगा. वकीलबाईंनी पढवून ठेवलं होतं, आरसा आणि प्लायवूड एवढंच बोलायचं. बाईंनी ते सांगितलं. आणि पुढे स्वतःच म्हणाल्या, "मी त्यांचे डोळे पाहिले होते. गाडी हलत असताना मी थांबायला हवं होतं, थांबले नाही."

"मी टेबलाखालून चिमटा काढला हो," नणंदबाई मला म्हणाल्या. "पण चुकून वकीलबाईंनाच काढला."

समोरचा वकील खूश होऊन लिहायला लागला. तेवढ्यात ड्रायव्हर उभा राहिला. मॅनेजरनं त्याच्या बाहीला हात घातला होता, तो त्यानं सोडवला. जे फाटकाशी बोलला होता ते सगळं बोलला: मोठा आरसा मागितल्याचं, काच बुजवल्याचं, दिसल्या नाहीत असं सांगायला लावल्याचं. बैठक लांबली. शेवटी ठरलं की मुख्य दोष कंपनीचा, थोडा बाईंचा. भरपाई त्या मानानं कमी झाली, तरी ऑपरेशन आणि बुडालेलं काम भरून निघालं. कंपनीला सगळ्या व्हॅनच्या काचा मोकळ्या कराव्या लागल्या. ड्रायव्हरला काढतील अशी भीती होती, पण इतकं जाहीर झाल्यावर काढायची त्यांची छाती झाली नाही. पुढे त्यानंच गाडी सोडली. आता तो आत, चादरींना इस्त्री करणाऱ्या मशीनवर असतो. "गाडी मागे घ्यायला आता धीर होत नाही," म्हणाला. बाईंनी त्याला परत शिकवायची तयारी दाखवली होती, तो नको म्हणाला. त्याचं बाईंना वाईट वाटलं, अजून वाटतं.

बाईंचा पाय जुळला. शेवटच्या एक्स-रेत ढग घट्ट होऊन हाडाचाच भाग झाला होता, आणि तो बघायला आम्ही तिघी खिडकीशी उभ्या होतो, नणंदबाई सुद्धा, एक डोळा मिटून. पाय किंचित आखूड राहिलाय, चपलेत पातळ गादी घालावी लागते. लांब चाललं की घोट्यापाशी ठणकतं. दांडा काढायचा का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "काही त्रास देत नाही तोवर राहू दे. भाडेकरू बरा आहे."

गेल्या आठवड्यात त्या रस्त्यात दिसल्या, शिकवायच्या गाडीत, शेजारच्या सीटवर. गाडी चौकाच्या अलीकडे अडून बसली होती. स्टिअरिंगवर नणंदबाई होत्या, नाकावर चष्मा, दोन्ही हातांनी चाक असं धरलेलं, जणू कुणी हिसकावून नेईल.

मी खिडकीशी वाकले. "हे कधीपासून?"

"वहिनींचा पाय मोडला तेव्हा घरात गाडी चालवणारं कुणी नव्हतं," नणंदबाई समोर बघतच म्हणाल्या. "तेव्हाच ठरवलं. माझ्याशी बोलू नकोस, सिग्नल बदलेल."

"बदलून गेला, वन्सं," बाई म्हणाल्या. "परत लाल झालाय. बसा निवांत."